भिंतीआडचे काम आणि शिकलेला हात

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात आपली माणसे आता पत्र्याच्या खोपटातून पक्क्या घरात येऊ लागली आहेत. कुणाला रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले, कुणी एमआयडीसीच्या पगारातून, तर कुणी गवंडीकामाच्या रोजातून पैसा पैसा साठवून दोन खोल्या उभ्या केल्या. पाया भरताना हातात पैसा असतो. स्लॅब पडेपर्यंत हात आखडतो. आणि लाइट-फिटिंगची पाळी येते तेव्हा घरधन्याजवळ जवळजवळ काहीच उरलेले नसते. मग ओळखीतला एखादा पोरगा बोलावला जातो. मिळेल ती वायर, मिळतील ती बटणे घेऊन तो दोन दिवसांत काम उरकतो. घरातील माउली विचारते, "अरे बाळा, ती हिरवी वायर कुठं जोडायची राहिली का?" पोरगा हसून म्हणतो, "काकू, लाइट लागली ना? मग झालं तर!"

खरेच झाले का? या लेखात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

गवंड्याचे काम डोळ्यांना दिसते. भिंत वाकडी असेल तर शेजारीही बोट दाखवतो. सुताराचे दार घासू लागले तर पहिल्याच पावसाळ्यात कळते. वायरमनचे काम मात्र गिलाव्याआड जाते. ते चांगले की वाईट हे पाच-दहा वर्षे कळत नाही, आणि कळते तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो. जून २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबातील तिघे जण विजेच्या धक्क्याने गेले. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेत वीज उतरली होती. रोजच्या वापरातली साधी तार ती! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांकडे पाहिले तर गेल्या काही वर्षांत देशात दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरण पावल्याचे दिसते. यातील कितीतरी मरणे टळण्यासारखी असतात.

वायर तापते ती का?

प्रथम एक साधी गोष्ट समजून घेऊ. वायरीतून जितका प्रवाह जास्त, तितकी ती तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणून कुठल्या कामाला किती जाडीची वायर, याचा हिशोब असतो. दिवे आणि पंखे यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. साध्या प्लगना अडीचची घालावी. गिझर, पाण्याची मोटार, मोठी शेगडी यांच्या पॉइंटला चारची वायर स्वतंत्र आणावी. दोन हजार वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो. ज्या वायरीवर चार दिवे आणि दोन पंखे आहेत, तिच्यावरच हा गिझर जोडला, तर वायर आतल्या आत भाजत राहते. तिचे प्लॅस्टिक कडक होते, तडकते, आणि एके रात्री दोन वायरी एकमेकींना भिडतात.

एमसीबी बसवला म्हणजे निश्चिंत झालो, असे पुष्कळांना वाटते. एमसीबी हा वायरीचा राखणदार आहे. राखणदार घराच्या मापाचा हवा. दीडच्या वायरीवर सहा किंवा दहा अँपिअरचा एमसीबी योग्य. तो वारंवार पडतो म्हणून काढून तिथे बत्तीसचा बसवला, तर वायर जळून जाईल पण एमसीबी पडणार नाही. जुन्या फ्यूजमध्ये कुणी तांब्याचा जाड तुकडा अडकवत असे, त्याचाच हा नवा अवतार!

दुसरे दुखणे म्हणजे सैल जोड. जोड सैल असला की तेवढ्याच जागी उष्णता साठते. बोर्ड पिवळा पडणे, बटण गरम लागणे, जळका वास येणे, दिवा फडफडणे ही सगळी सैल जोडाची लक्षणे आहेत. आपल्या भगिनी दिवसभर घरात वावरतात. ही लक्षणे आधी त्यांनाच दिसतात. "होईल नीट" म्हणून ती सोडून देऊ नयेत.

चांगल्या कामाची रीत

चांगला वायरमन भिंत कापण्याआधी वही काढतो. कुठे दिवा, कुठे पंखा, चूल कुठे, मोरी कुठे, उद्या फ्रिज आला तर कुठे ठेवणार, हे घरातल्या बाईमाणसाला विचारतो. मग तो पाइपाची वाट आखतो. ही वाट सरळ उभी किंवा सरळ आडवी असते, तिरपी नसते. कारण पुढे कुणी बाबासाहेबांची तसबीर लावायला खिळा ठोकला, तर बटणाच्या बरोबर वर-खाली वायर असणार हे कुणालाही समजावे. गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. त्याला काही खर्च येत नाही, आणि पुढची तीस वर्षे तो उपयोगी पडतो.

पाइपात वायरी कोंबू नयेत. पाइपाच्या पोकळीचा सुमारे चाळीस टक्के भागच वायरींनी भरावा, उरलेली जागा हवेला आणि उद्याच्या दुरुस्तीला ठेवावी, अशी रीत आहे. वळणावर काटकोनी तुकडा न बसवता मोठ्या घेराचे बेंड वापरावे, म्हणजे वायर ओढताना सोलत नाही. आणि पाइपाच्या आत जोड कधीही नको. जोड द्यायचा तो उघडता येणाऱ्या बॉक्समध्येच. एक वायर पुरली नाही म्हणून भिंतीतच पीळ मारून टेप गुंडाळणारा कारागीर आपल्या घरात चोर लपवून जातो, असे समजावे.

रंगांचीही शिस्त आहे. लाल, पिवळा, निळा हे फेजचे रंग. काळा न्यूट्रलचा. हिरवा अर्थिंगचा. उरलेले तुकडे वापरायचे म्हणून हिरव्या वायरीतून फेज खेळवणे हा गुन्हाच म्हटला पाहिजे. कारण पुढच्या वेळी दुरुस्तीला येणारा माणूस त्या रंगावर विश्वास ठेवून हात घालणार आहे. बटण नेहमी फेजच्या वायरीवर हवे. ते न्यूट्रलवर बसवले तरी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या मुलाला हे कसे कळावे?

वायर सोलताना आतले तांब्याचे तंतू तुटता कामा नयेत. पाच तंतू तुटले की तेवढ्यापुरती वायर बारीक झाली. जाड वायरीच्या टोकाला लग दाबून बसवावा, स्क्रू पक्का आवळावा, आणि मग वायर हाताने ओढून पाहावी. या कामाला वेळ लागतो. पुष्कळ ठिकाणी मजुरी पॉइंटप्रमाणे ठरते. त्यामुळे जितकी घाई तितकी कमाई, असे गणित होऊन बसते. घरमालकानेही इथे विचार करावा. लाखभराच्या घरात वायरमनच्या दोन दिवसांच्या जादा मजुरीवर घासाघीस करून आपण नेमके काय वाचवतो?

वायर घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. घरगुती वायरींना ते चिन्ह २००३ च्या आदेशाने सक्तीचे झालेले आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक खरा की खोटा, हे आता भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही बाजारात असते. टोक खरवडले की आतून पांढरे दिसते.

आता घरोघरी इंटरनेटच्या केबलही येऊ लागल्या आहेत. शाळा, पतसंस्था, दवाखाने, कॉलेज येथे तर संगणकाच्या वायरींचे जाळेच असते. या कामालाही तीच शिस्त लागते. संगणकाची केबल विजेच्या वायरीच्या पाइपातून नेऊ नये. ती जोराने ओढू नये, काटकोनात मुडपू नये. तिच्यातील जोड्यांचे पीळ टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नयेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची लांबी शंभर मीटरच्या आत असावी. हे न पाळल्यास केबल जोडलेली दिसते, पण संगणक रडत राहतो, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

हिरवी वायर

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. दिवा लागायला तिची गरज नसते, म्हणूनच ती सर्वांत आधी गाळली जाते. पण कूलरच्या, वॉशिंग मशीनच्या किंवा मोटारीच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती जमिनीत जायला वाट शोधते. अर्थिंग असेल तर ती त्या वायरीने जाते, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर पत्र्याला हात लावणारा माणूसच तिची वाट बनतो. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब का असते? यंत्राला वीज मिळण्याआधी अर्थिंग जोडले जावे म्हणून. ती पिन मोडून दोन भोकांत प्लग खुपसणे म्हणजे स्वतःच्या हाताने संरक्षण काढून टाकणे होय.

काही जण खड्डा खणण्याचे कष्ट वाचवण्यासाठी प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडतात. ही फार घातक खोड आहे. कुठेतरी न्यूट्रल तुटला की यंत्राचा सगळा पत्रा जिवंत होतो. तसेच न्यूट्रल गेला म्हणून जमिनीत सळई ठोकून अर्थिंगवर दिवा चालवण्याचा प्रकार वाड्यावस्त्यांवर दिसतो. त्या सळईजवळ ओल्या पायाने जाणारे लेकरू आपलेच असते, हे विसरू नये.

अर्थिंगसाठी जस्ताचा मुलामा दिलेला सुमारे अडीच मीटर लांबीचा पाइप जमिनीत उभा पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरण्याची पद्धत जुनी आणि परिचित आहे. जमिनीत ओल असेल तरच अर्थिंग काम करते. नीरा डाव्या कालव्याच्या भिजत्या काळ्या रानात हा प्रश्न फारसा येत नाही. पण बारामतीच्या जिरायत भागात, मुरमाड माळावर, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत होते. तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून दोन बादल्या पाणी ओतायला विसरू नये.

याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज वाट सोडून जमिनीकडे गळू लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. माणसाच्या छातीतून जाणारा शंभर मिलिअँपिअरचा प्रवाहही जीव घेऊ शकतो, आणि एवढ्याशा प्रवाहाने एमसीबी पडत नाही. म्हणून दोन्हींची गरज आहे. आरसीसीबीवर 'टेस्ट'चे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. पडला तर ठीक, नाही पडला तर तो बदलून घ्यावा.

तो कागद कशासाठी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने महावितरणने १४ एप्रिल २०२१ पासून 'जीवन प्रकाश योजना' सुरू केली होती. अनुसूचित जाती आणि जमातींच्या घरांना वीजजोडणी मिळावी आणि ५०० रुपयांची अनामत रक्कम हप्त्यांनी भरता यावी, अशी त्यात सोय होती. त्या अर्जासोबत एक कागद मागितला जाई. तो म्हणजे मान्यताप्राप्त विद्युत ठेकेदाराने दिलेला वीज मांडणीचा चाचणी अहवाल. तो नेहमीच्या नव्या जोडणीलाही लागतो. पुष्कळांना ही कटकट वाटते. कुणाची तरी सही-शिक्का मिळवला की झाले, अशी आपली समजूत असते.

पण हा अहवाल म्हणजे आपल्या घराचे आरोग्यपत्र आहे. खरी चाचणी करणारा माणूस मेगर नावाचे यंत्र घेऊन येतो. त्याने वायरींवर पाचशे व्होल्टचा दाब देऊन वीज कुठे गळते का ते पाहतो. वायर आणि जमीन यांमधला रोध निदान एक मेगओहम भरला पाहिजे, असा नियम आहे. बटण फेजवर आहे का, प्रत्येक प्लगपर्यंत अर्थिंग पोचले आहे का, हेही तो तपासतो. न तपासता मिळालेली सही ही आपलीच फसवणूक आहे. तेव्हा चाचणी डोळ्यांदेखत करवून घ्यावी. तो आपला हक्क आहे.

कायदाही स्पष्ट आहे. १९५६ च्या विद्युत नियमांपासून ते २०२३ च्या केंद्रीय सुरक्षा विनियमांपर्यंत एक सूत्र कायम आहे. मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने घ्यावे, ते प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे आणि हात घालणाऱ्या कामगाराकडे परवाना असावा. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारख्या किरकोळ कामांनाच त्यातून सूट आहे.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचा आणि विद्युत तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. मोठ्या इमारतीला जी तपासणी लागते, ती गरिबाच्या दोन खोल्यांना नको, असे कोण म्हणेल?

पाहून शिकलेला आणि शिकून पाहिलेला

आता त्या हसणाऱ्या पोराविषयी. तो वाईट नाही. त्याला कुणी शिकवलेच नाही. कुणाच्या तरी हाताखाली सामान उचलता उचलता त्याने जे पाहिले, तेवढेच त्याला येते. उस्तादाने चूक केली असेल तर तीही त्याने इमानेइतबारे उचलली.

बारामती आणि इंदापूर या दोन्ही ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे असतात. प्रवेश घेण्यापूर्वी कुठल्या संस्थेत कुठला ट्रेड चालतो याची चौकशी करावी. इलेक्ट्रिशियनसाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. वायरमनसाठी शिक्षणाची अट त्याहून सौम्य आहे, म्हणजे दहावीत अडलेल्या मुलालाही हे दार पुरते बंद नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच तयार ठेवावा, म्हणजे ऐन प्रवेशात तहसीलच्या खेपा होत नाहीत.

आयटीआयत पहिले काही महिने मुलगा घरी येऊन कुरकुरतो. "नुसते जोडच मारायला लावतात," म्हणतो. ब्रिटानिया जोड, टी जोड, पुन्हा सोडा, पुन्हा मारा. लाकडी फळ्यावर अख्खे वायरिंग करायचे, मास्तरांनी पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळे उचकटायचे! पालकांनी त्याला सांगावे, की बाळा, हेच खरे शिक्षण. जो हात शंभर वेळा चुकून सुधारला, तो लोकांच्या घरात चुकत नाही.

दोन वर्षांनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेऊन उमेदवारी करता येते. महावितरणमध्ये, कारखान्यांत अशा जागा निघतात. आपल्या भागात वालचंदनगरची यंत्रशाळा आहे, भिगवणचा कागद कारखाना आहे, बारामतीची एमआयडीसी आहे, साखर कारखाने आहेत. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी आयटीआयबरोबर बारावीचीही अट ठेवली गेली आहे. म्हणून आयटीआय झाली की शिक्षण संपले, असे समजू नये. प्रमाणपत्र हाती येताच विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून तारतंत्री परवान्याची माहिती घ्यावी. पुढे अनुभवाने पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र, आणि मग स्वतःचा ठेका. आज दुसऱ्याच्या सहीसाठी थांबणारा मुलगा उद्या स्वतः चाचणी अहवालावर सही करील.

मुलींनीही या ट्रेडकडे वळावे. जोड मारायला दंडाचे बळ लागत नाही, नजर आणि चिकाटी लागते.

कुणाच्या वाट्याला न आलेले कसब

गावगाड्याने प्रत्येक कसब कुणाच्या तरी जातीला वाटून दिले होते. आपल्या वाट्याला काय आले, ते नव्याने सांगायला नको. वीज मात्र गावगाड्यानंतर आली. तिचे कसब कुठल्याही बलुतेदाराच्या वतनात नव्हते. जो शिकेल त्याचे ते. ज्या वाड्याच्या ओट्यावर आजोबांना पाय ठेवू दिला नाही, त्याच वाड्याच्या माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात नातू पेटी घेऊन शिरतो, आणि घरमालक त्याला चहा देत विचारतो, "साहेब, धोका तर नाही ना?" हे पेटीचे आणि प्रमाणपत्राचे सामर्थ्य आहे. म्हणूनच त्या पेटीतले काम बनचुके, अर्धवट असता कामा नये.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. युद्धानंतर देशात वीज कशी वाढवावी याचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची उभारणी झाली, आणि कुशल कामगारांच्या प्रशिक्षणाचे कामही त्याच मजूर खात्याकडे होते. वीज आणि वीज हाताळणारा शिकलेला कामगार, या दोन्ही गोष्टी एकाच खात्यात, एकाच टेबलावर होत्या. आपण मात्र घरात वीज घेतली आणि शिकलेला हात घ्यायचे विसरलो, तर तो विचार अर्धाच घेतला असे होईल.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, घराचे काम काढण्याआधी वायरिंगचा पैसा बाजूला काढून ठेवा. वायरमनला परवाना विचारा, त्यात अपमान नाही. हिरवी वायर कुठवर गेली ते दाखवायला सांगा. मेगर लावल्याशिवाय कागदावर सही घेऊ नका. कुणाला धक्का बसलाच तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा आणि १०८ ला फोन लावा. आणि तुमच्या वस्तीतला एखादा पोरगा टेस्टर खिशात घालून हिंडत असेल, तर त्याला हसण्यावारी नेऊ नका. येत्या जून महिन्यात त्याचा हात धरून त्याला आयटीआयच्या दारापर्यंत घेऊन जा.